कांद्याची सालं आणि आत्याची टेप

८ फेब्रुवारी

आत्या,

फोनवर मी नुसतं "हो हो" म्हणते आणि ऐकत नाही, म्हणून यापुढे पत्रच लिहायचं, हा तुझा हुकूम मान्य. नाहीतरी तुझ्या शिलाई मशीनच्या खडखडाटात कोण काय बोलतंय ते आपल्या दोघींनाही कळत नव्हतं.

तू विचारलंस, दिवसभर तिथे बसून नेमकं करतेस काय. तर मी लठ्ठ उंदरांची चरबी बघते. हसू नकोस. आधी आम्हीच त्यांना तुपकट खाणं घालून लठ्ठ करतो आणि मग त्यातल्या निम्म्यांच्या खाण्यात क्वेर्सेटिन नावाची पिवळी पूड मिसळतो. हा पदार्थ भाज्या-फळांत असतो. कांद्यात बराच, त्यातही वरच्या कोरड्या सालीत. आपण जे झटकून कचऱ्यात टाकतो तेच.

गेल्या महिन्यात सहा-सहा उंदरांवर छोटी चाचणी केली. लठ्ठ उंदराच्या चरबीचा पातळ काप काचेवर ठेवून पाहिला, की पेशी टम्म फुगलेल्या दिसतात. काही मेलेल्या असतात आणि त्यांच्याभोवती शरीराचे पहारेकरी कडं करून उभे असतात. आत सारखं काहीतरी धुमसत असतं. पूड खाल्लेल्या उंदरांच्या कापात पेशी लहान दिसल्या आणि कडीही कमी! मी आमच्या बाईंना, म्हणजे प्रयोगशाळेच्या प्रमुखांना, ओरडूनच बोलावलं. त्यांनी शांतपणे पाहिलं आणि म्हणाल्या, "सहा उंदरांवरून काही ठरत नाही. चाळीस घे, बारा आठवडे चालव." तेच आता सुरू केलंय, आधी त्यांना लठ्ठ करण्यातच महिना जाईल.

गुडघे कसे आहेत? हाडांच्या डॉक्टरांकडे गेलीस, की अजून "जाते, जाते"च चाललंय?

तुझी सुई

१९ फेब्रुवारी

सुई,

गेले एकदाची. डावा गुडघा बदलावाच लागेल म्हणतात. नाही बदलला तर वर्षभरात मशीनचं पायडल मारणं बंद. आणि बदलायचा तर आधी बारा किलो उतरवा, एवढ्या वजनावर भूल द्यायची जोखीम मी घेणार नाही, असं डॉक्टरांनी तोंडावर सांगितलं. ९ सप्टेंबरची तारीख दिली आहे. अट पुरी झाली तर.

हे तुझ्या बापाला सांगू नकोस. तो लगेच "आमच्याकडे येऊन राहा" म्हणेल आणि मला खुर्चीत बसवून वर्तमानपत्र देईल. मशीन बंद झालं की मी कशाला उरले, सुई? मला शिवण सोडून दुसरं काही येत नाही आणि शिकायचंही नाही.

तिथली नर्स माझी जुनी गिऱ्हाईक. तिने वजन केलं आणि कमरेला टेप टाकली. शेहेचाळीस! अठ्ठावीस वर्षं मी लोकांच्या कमरा मोजल्या, पण माझी कधी कोणी मोजली नव्हती. माझे कपडे मी अंदाजानेच बेतते, तुला माहीत आहे. आकडा ऐकून कानशिलं तापली. मग आहाराच्या बाईंनी एक कागद दिला: हे खा, ते खाऊ नका, खुर्चीत बसून पाय असे उचला. कागद भिंतीला टाचून ठेवलाय.

पण खरं सांगू, तुझं पत्र तीनदा वाचलं. आमच्या भाजीवालीकडे कांद्याच्या सालांची पाटी भरून पडलेली असते, तिला कोणी नेली तर बरंच. मूठभर सालं, दोन पेले पाणी, एक पेला उरेस्तोवर उकळायचं. चव जुन्या पडद्यासारखी लागते. रंग मात्र असा देखणा की अस्तर रंगवून घ्यावं. आज सहावा दिवस.

आत्या

२ मार्च

आत्या,

तुझं पत्र वाचून कपाळाला हात लावला आणि मग हसत सुटले. जुन्या पडद्याची चव तुला कशी माहीत?

आता जरा गंभीरपणे. उंदराला आम्ही जेवढी पूड देतो तेवढी तुझ्या पेल्यात उतरते की नाही, देव जाणे. उंदीर म्हणजे माणूस नाही. तुझ्या रक्तदाबाच्या गोळीशी काढ्याचं जमतं का, तेही डॉक्टरांना विचारायला हवं. भिंतीवरचा कागद सोडू नकोस. खरं तर "काढा बंद कर" असंच मी म्हणायला हवं.

पण आत्या, मलाही उत्सुकता आहेच. दोन आठवड्यांनी माप काय भरतं ते कळव ना.

सुई

१६ मार्च

सुईबाई,

बस आधी. बसलीस? चव्वेचाळीस!

सकाळी उपाशीपोटी, पाठ सरळ करून, माझी स्वतःची टेप टाकून तीनदा मोजलं. तीनदाही चव्वेचाळीस. दोन इंच गेले. गळ्यातली टेप काढून तिचा मुका घेतला. ही मला पहिल्या दुकानातल्या मास्तरांनी दिलेली, तुला माहीत आहे. तिच्यावर माझा स्वतःपेक्षा जास्त विश्वास.

भाजीवालीला सांगितलं, माझी भाची मोठी शास्त्रज्ञ आहे, तिचाच शोध आहे. आता गल्लीतल्या चार जणी सालं मागायला येतात. तू उगाच नाकाने कांदे सोलू नकोस, मी हाताने सोलते तेवढं पुरे. डॉक्टर मांस उतरवा म्हणतात आणि तुझ्या कौतुकाने माझ्या अंगावर मूठभर चढतं, त्याला काय करू?

त्या कागदाचं म्हणशील तर तो जाड आणि चांगला होता. त्याच्यावर एक कॉलर बेतली. काढा लागू पडतोय, मग पाय उचलून खुर्चीत कवायत करत कोण बसणार? तेवढ्या वेळात एक बाही होते.

आत्या

४ एप्रिल

आत्या,

अभिनंदन. दोन इंच म्हणजे थोडेथोडके नाहीत. छान वाटलं वाचून.

इकडे सगळं ठीक. उंदीर मजेत आहेत. चार आठवड्यांनी त्यांची वजनं केली, आकड्यांवरून अजून काही बोलता येत नाही. बाईंना घाई आवडत नाही. मी थोडी दमले आहे, म्हणून आज एवढंच.

सुई

१० मे

सुई,

पत्रं लिहितेस की तारा पाठवतेस? मागचं पत्र मी डब्यातला घास तोंडात असतानाच वाचून संपवलं. प्रेमात बिमात पडली असशील तर सांगून टाक. मला काही वाटणार नाही, कपडे मीच शिवीन.

माझं माप टिकून आहे. चव्वेचाळीसच्या खाली सरकत नाही, पण वरही जात नाही. वजनकाट्यावर मात्र आत्ता चढणार नाही. सप्टेंबरला डॉक्टरांसमोरच चढेन, त्यांचा चेहरा बघायचाय मला. गुडघा रात्रंदिवस ठणकतो, पण आता चारच महिने काढायचेत.

मोठं काम आलंय. नर्सने तिच्या रुग्णालयातल्या बारा जणींचे गणवेश माझ्याकडे दिले. त्यांना यायला सवड नाही, म्हणून तिने तिथेच मापं घेतली आणि यादी लिहून पाठवली. मशीन दिवसभर चालू आहे आणि मी खूश आहे.

आत्या

२० मे

आत्या,

प्रेमाबिमात नाही. एक विनंती आहे, कारण विचारू नकोस. या आठवड्यात जाऊन वजन करून ये. डॉक्टरांच्या चेहऱ्याची गंमत राहू दे. नुसतं वजन करून मला कळव.

सुई

६ जून

सुई,

तुझं पत्र आलं त्याच दिवशी बारा गणवेश परत आले. सगळे ढगळ. एकीचा नाही, बाराच्या बारा जणींचे, कमरेत आणि छातीत दीड-दोन इंच. नर्स दारात उभी राहून म्हणाली, "अहो, घालून आम्ही आरशात पाहिलं तर बारा उशांचे अभ्रे." मी म्हटलं, तुम्ही सगळ्या जणी बारीक झाला असाल, माझा काढा पिता की काय? ती हसली. मी पण हसले. पण बाराही जणी एकदम कशा बारीक होतील?

ती गेल्यावर लोखंडी पट्टी काढली आणि टेप तिच्याशेजारी टेबलावर अंथरली. टेपवर साठ इंच लिहिलेत. पट्टीने भरले साडेबासष्ट.

अठ्ठावीस वर्षांच्या घामाने आणि ओढाताणीने ताणली गेली गं ती. मी माप तिनेच घेते आणि कापडही तिनेच बेतते, म्हणून एवढ्या वर्षांत एकाही कपड्याला कळलं नाही. या बारा जणींची मापं तेवढी दुसऱ्या टेपची होती. आणि माझं पहिलं माप नर्सच्या टेपचं होतं. माझे दोन इंच कुठे गेले ते समजलं ना तुला?

मग तशीच उठून रुग्णालयात गेले आणि काट्यावर चढले. दीड किलो वाढलंय. काढ्याचं ऐकून नर्सने मला बाकावर बसवून झापलं, गोळ्या चालू असताना न विचारता असलं काही घेतात का म्हणून. डॉक्टरांनी माझ्यादेखत वहीतली ९ सप्टेंबर खोडली. रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं.

आता बारा गणवेश उसवायला बसले आहे.

आत्या

१२ जून

आत्या,

हे पत्र चार वेळा लिहून फाडलं. आता जसं येईल तसं पाठवते.

चार आठवड्यांनी उंदरांची वजनं केली, तेव्हा पूड खाणाऱ्या आणि न खाणाऱ्या उंदरांत काही फरक नव्हता. आठ आठवड्यांनीही नाही. एका ग्रॅमचाही नाही. म्हणजे मी तुला "अभिनंदन" लिहिलं तेव्हा मला हे माहीत होतं. आकड्यांवरून बोलता येत नाही असं मी लिहिलं. पण आकडे अगदी स्पष्ट बोलत होते, मलाच ते ऐकायचे नव्हते.

का नाही सांगितलं? तू इतकी आनंदात होतीस. आणि ते अर्धंच खरं आहे. उरलेलं असं, की माझ्या चाळीस उंदरांनी मला तोंडघशी पाडलं होतं आणि जगात एक तू होतीस जिच्यावर माझी पूड लागू पडत होती. तुझं पत्र मी पाकिटात घालून जवळ ठेवायचे. बाई विचारायच्या, "चेहरा का उतरलाय?" आणि मला वाटायचं, सांगावं, माझ्या आत्याचे दोन इंच गेलेत.

तुझा कागद गेला, व्यायाम गेला, तारीख गेली. दोष टेपला देऊ नकोस, आत्या. मला खूप वाईट वाटतंय. तू बोललीस तरी चालेल, नाही बोललीस तर मात्र सहन होणार नाही.

सुई

२५ जून

सुई,

चार दिवस तुझं पत्र कापडाच्या ढिगाखाली ठेवून दिलं होतं. राग आला. अजून आहे. टेप ही फीत आहे, तिला आपण चुकतोय हे ठाऊक नव्हतं. तुला ठाऊक होतं.

हे एकदा लिहिलं. पुन्हा लिहिणार नाही.

आता माझंही ऐक. तू उंदरांची वजनं कळवली असतीस तर मी काढा सोडला असता? नसता. तुझे उंदीर आळशी आहेत म्हणाले असते. मला पाय उचलायचा कंटाळा होता आणि त्या कागदाची मला लाज वाटायची. भिंतीवर टाचला की आल्यागेल्या गिऱ्हाइकाला दिसायचा. म्हणून त्याच्यावर कॉलर बेतली. तुझ्या पत्राने फक्त सबब मिळाली.

आहाराच्या बाईंकडून नवा कागद आणलाय. या वेळी कपाटाच्या दाराला बाहेरून लावला, बघायचं त्याने बघावं. बारा गणवेश दुरुस्त करून दिले. नवी टेपही घेतली, पण तिच्याशी अजून ओळख नाही.

माझ्या हाताने घेतलेल्या माझ्या मापावर आता माझा भरवसा नाही. तू ये आणि घे.

आत्या

९ ऑगस्ट

आत्या,

परत येऊन तीन आठवडे झाले, पण अजून तुझं ते घर डोळ्यांसमोर आहे. तू हात वर करून उभी आणि मी गुडघ्यावर बसून टेप फिरवतेय. नवी टेप आधी पट्टीला लावून मगच तू मला हातात घेऊ दिलीस! साडेशेहेचाळीस. तू डोळे घट्ट मिटून घेतले होतेस. मी आकडा मोठ्याने वाचला. मग तू डोळे उघडून "लिही" म्हणालीस, तेवढ्याने मला हायसं वाटलं.

आता उंदरांचं. सगळं सांगते, हातचं काही राखत नाही. बारा आठवडे संपले. वजनात फरक नाही. चरबीच्या पेशी लहान दिसतात असं मी पहिल्या पत्रात लिहिलं होतं, तेही चाळीस उंदरांत टिकलं नाही. पण ती कडी आठवतात, मेलेल्या पेशींभोवतीची? ती पूड खाल्लेल्या उंदरांत जवळजवळ निम्मी भरली. कोणता काप कुठल्या उंदराचा ते झाकून, बाईंनी आणि मी, दोघींनी वेगवेगळी मोजली. म्हणजे चरबी तेवढीच राहिली, पण आतलं धुमसणं कमी झालं. हे आमच्या उंदरांचं झालं. माणसात असं होतं का, मला माहीत नाही. बाई म्हणाल्या, "आता जे दिसलं तेवढंच लिही, जास्त एक अक्षर नको." तेवढंच लिहिते आहे, इकडे पण.

या आठवड्यात पाय किती वेळा उचललेस?

सुई

२२ नोव्हेंबर

सुई,

दिवसातून दोनदा, प्रत्येकी वीस. मोजून. वर तू दर रविवारी फोनवर विचारतेस, आणि हल्ली ऐकतेससुद्धा.

नऊ किलो उतरले. बारा नाही झाले. काट्यावरून उतरताना वाटलं, संपलं, आता हे नाहीच म्हणणार. डॉक्टरांनी आकडा वहीत लिहिला. मी म्हटलं, "खोटं एक तोळाही सांगत नाही, तीन बाकी आहेत." ते म्हणाले, "बाकीचे तीन चालत चालत उतरवा." १२ डिसेंबर दिलीये. बाहेर येऊन नर्सच्या खांद्यावर डोकं ठेवून रडले. तिचा गणवेश अगदी बेताचा बसलाय, हेही रडता रडता बघून घेतलं.

तिथे एक फॉर्म होता. गुडघा उघडला की वाटीखालची थोडी चरबी नाहीतरी काढून फेकतात. ती अभ्यासाला द्यायची का, असं विचारत होते. खाली तुमच्या प्रयोगशाळेचा पत्ता होता! मला सांगितलंही नाहीस, की आता माणसांचं करताय. मी सही केली. आयुष्यभर जिच्यामुळे मान खाली घातली ती चरबी एवढ्या तरी कामाला येऊ दे.

जुनी टेप टाकवत नाही. तिचे पहिले दहा इंच कापून या पाकिटात घातलेत. तुझ्या टेबलाला चिकटव. लिहिलंय दहा, भरतात साडेदहाच्या जवळ.

आत्या

३० जानेवारी

आत्या,

"आज मशीनवर बसले. डाव्या पायाने एक बाही." तुझं एवढंच पत्र आलं आणि ते मी बाईंना वाचून दाखवलं. त्या कधी हसत नाहीत. हसल्या.

माणसांचं मी सांगितलं नव्हतं, कारण तुझ्यावर त्याचं दडपण येऊ नये असं वाटत होतं. पुन्हा लपवलंच म्हण, पण या वेळी बाईंना विचारून लपवलं. यात कोणाला पूड नाही की काढा नाही. माणसाच्या चरबीत ती कडी किती असतात, एवढंच आधी मोजायचंय.

आज बर्फाच्या पेटीतून चौदा बाटल्या आल्या. प्रत्येकीवर नुसता नंबर. कुठली कोणाची ते मोजणाऱ्याला कळू द्यायचं नाही, असा नियम आहे आणि तो मीच लिहिलेला. म्हणजे यातली एक तुझी आहे, पण कुठली ते मला कधीच कळणार नाही. तुला सांगण्यासारखं माझ्याकडे काही नसेल. चांगलंही नाही आणि वाईटही नाही.

टेपचा तुकडा टेबलाच्या कडेला लावलाय. सकाळी पहिली बाटली उघडण्याआधी थोडा वेळ त्याच्याकडे बघत बसले. मग कामाला लागले. चौदापैकी कुठलीही तुझी असू शकत होती, म्हणून चौदाही तुझ्याच समजून हातात घेतल्या. एरवी जे काम दोन तासांचं, त्याला आज संध्याकाळ झाली.

तुझी सुई